कट मारून गेलेल्या गाडीची तक्रार कुठं आणि कशी करायची

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाला लातूरहून औशाकडं सायकलवर निघालो होतो, उजाडायला लागलं होतं, मागचा लाल लाइट चालू, चमकणारं जाकीट अंगात, डाव्या पांढऱ्या पट्टीला धरून चाललो होतो. मागून एक पिकअप आला आणि असा कट मारला की त्याचा आरसा माझ्या कोपराच्या वीतभर बाजूनं गेला, मी दचकून हँडल डावीकडं ओढलं, पुढचं चाक साइडपट्टीखाली मुरमात घुसलं आणि मी आडवा. गुडघा सोलला, तळहातात खडे रुतले, बाकी काही नाही. त्या बाबानं ब्रेकला पाय पण लावला नाही.

तापलेल्या डोक्यानं तसाच पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नंबर?"

म्हणलं, "शेवटी 47 होतं बहुतेक."

"बहुतेक?"

"पांढरा पिकअप होता साहेब."

"सर, पहाटे भाजी घेऊन मार्केटला येणारे पांढरेच पिकअप असतेत सगळे. जागा कोणती? दगड कितवा?"

दगड कितवा ते कुठं बघितलं होतं मी! वेळ पण "सातच्या आत कधीतरी". त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, त्यांना लिहून घ्यायला काहीतरी लागतं आणि माझ्याकडं नुसता राग होता. घरी आलो, गुडघ्याला हळद लावली आणि ठरवलं की हे प्रकरण एकदा नीट समजून घ्यायचं. एका वकील मित्राला पिडलं, गल्लीतल्या रिटायर जमादार काकांना चहावर बोलतं केलं, कायद्याची कलमं वाचली. त्यातून जे कळलं ते लिहायलोय.

आधी एक गैरसमज काढू. "धडक झाली नाही ना, मग तक्रार कशाची" असं लोक म्हणतेत, तसं नसतंय. 1 जुलै 2024 पासून आयपीसी म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, बोलताना सगळे बीएनएस म्हणतेत. तिच्यातलं कलम 281 म्हणजे जुनं 279. सार्वजनिक रस्त्यावर कुणाच्या जिवाला धोका होईल किंवा कुणाला लागेल अशा पद्धतीनं बेदरकार गाडी चालवली की झाला गुन्हा, प्रत्यक्ष लागलंच पाहिजे अशी अट नाही. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा छोटी वाटते पण हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस कोर्टाची परवानगी न घेता गुन्हा नोंदवून तपास करू शकतेत, आणि आपल्या कामाचं तेच आहे. त्याच्या जोडीला कलम 125, निष्काळजीपणानं दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं. त्यात नुसता धोका असेल तर 3 महिन्यांपर्यंत, दुखापत झाली तर 6 महिन्यांपर्यंत आणि हाड मोडण्यासारखी गंभीर दुखापत असेल तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा कायदा म्हणजे 1988 चा मोटार वाहन कायदा. पोलिसांच्या कागदावर तो "मोवाका" म्हणून येतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कुण्या गावाचं नाव वाटलं होतं. त्यातलं कलम 184 धोकादायक ड्रायव्हिंगचं. 2019 च्या दुरुस्तीत त्यात स्पष्टच लिहिलंय की सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं, राँग साइडनं येणं, नियम सोडून ओव्हरटेक करणं हे सगळं, लोकांच्या जिवाला धोका होत असेल तर, धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्या वेळेला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा 6 महिने ते 1 वर्ष कैद किंवा दोन्ही, आणि 3 वर्षांच्या आत परत सापडला तर 10,000 रुपये दंड किंवा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना नेमकं किती फूट अंतर सोडायचं हा आकडा मात्र आपल्या कायद्यात नाही. इंग्लंडच्या हायवे कोडमध्ये 2022 पासून किमान दीड मीटर सांगितलंय, आणि तिकडच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी 2016 ला साध्या कपड्यातले पोलीसच सायकलवर बसवून रस्त्यावर सोडले, कुणी कट मारला की पुढं उभ्या असलेल्या टीमनं त्याला बाजूला घ्यायचं. वाचून मला त्या पिकअपवाल्याची आठवण आली. आपल्याकडं फुटपट्टी नाही म्हणून तक्रारीत "खूप जवळून गेला" एवढंच लिहून भागत नाही, "आरसा कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला, मला रस्त्याच्या खाली उतरावं लागलं आणि मी पडलो" असं परिणामासकट लिहावं लागतं.

आता जायचं कुठं. लोक सगळी गल्लत इथंच करतेत, आरटीओचं गाऱ्हाणं ठाण्यात आणि ठाण्याचं आरटीओत.

धोका आत्ता, या मिनिटाला चालू असेल, म्हणजे पिऊन झोकांड्या खात गाडी चाललीय, कुणी मुद्दाम मागं लागलंय, धडक देऊन पळायलाय, तर 112. जुना 100 नंबर विसरा. फोनवर पहिलं वाक्य गाडीचा नंबर, दुसरं ठिकाण, तिसरं ती कुठल्या दिशेला चाललीय. आपली कहाणी त्यानंतर. या कॉलची वेळेसकट नोंद राहते, पुढं "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं" असं कुणी म्हणलं तर हीच नोंद कामाला येते. नॅशनल हायवेवर असाल तर 1033 पण आहे, अपघात, अ‍ॅम्ब्युलन्स, क्रेन, रोडवर अंधारात उभा केलेला बंद ट्रक असल्या गोष्टीसाठी. बंद ट्रक म्हणजे सायकलवाल्याचा काळच, लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, मागं फक्त दोन दगड ठेवलेले, आणि गाडी निघून गेली तरी दगड तिथंच.

रोड कुणाचा हे ओळखायला दगडाचं डोकं बघायचं. पिवळं डोकं म्हणजे नॅशनल हायवे, हिरवं म्हणजे स्टेट हायवे. सोलापूरहून धाराशिव, बीड, संभाजीनगरवरून धुळ्याला जातो तो 52 नंबर, तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, नांदेडकडं जातो तो 361. समृद्धीवर सायकलला बंदीच आहे, तिथं जाऊन तक्रार केली तर आधी तुमचीच होईल.

गुन्हा घडून गेलाय आणि तो नोंदवायचाय तर ज्या हद्दीत घडला ते पोलीस ठाणं. नुसता नियम मोडलाय, मोबाइलवर बोलत चाललाय, राँग साइड घुसलाय, तर वाहतूक शाखा किंवा महाट्रॅफिक अ‍ॅप, त्यात सामान्य माणसाला फोटो टाकून नियमभंग कळवायची सोय आहे. फोटोत नंबर प्लेट वाचता आली पाहिजे, नाहीतर ती नुसती आठवण.

आरटीओचं काम वेगळं. लायसन्स निलंबित करायचा अधिकार त्यांचा, परमिट त्यांचं, फिटनेस त्यांचं. म्हणून पिवळ्या प्लेटची गाडी असेल तर तक्रारीची एक प्रत आरटीओला द्यायचीच. पांढरी प्लेट म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे भाड्यानं चालणारी, हिरवी म्हणजे इलेक्ट्रिक. काळीपिवळी, ट्रॅव्हल्स, छोटा हत्ती, हायवा हे सगळे पिवळ्या प्लेटवाले, त्यांना दंडापेक्षा परमिटची भीती जास्त असते.

नंबरवरून जिल्हा आपल्याकडं लहान पोराला पण कळतो, 20 संभाजीनगर, 21 जालना, 22 परभणी, 23 बीड, 24 लातूर, 25 धाराशिव, 26 नांदेड, 38 हिंगोली, आणि 44 बीड जिल्ह्यातलंच अंबाजोगाई. फक्त एसटीच्या बाबतीत फसू नका. एसटीवर 20 दिसला म्हणजे बस संभाजीनगरची असं नाही, चिकलठाण्याच्या वर्कशॉपला बांधलेल्या कितीतरी बसची पासिंग तिथलीच असते आणि त्या धावतेत भलतीकडंच. एसटीवर आगाराचं नाव लिहिलेलं असतं ते बघा, बसचा नंबर आणि वेळ लिहून त्या आगार व्यवस्थापकाला अर्ज द्या, त्या वेळेला त्या बसवर कोण ड्रायव्हर होता हे त्यांच्या रेकॉर्डला असतंच.

खरी डोकेदुखी उसाची. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, वर डेकवर गाणं, मागच्या ट्रॉलीला ना नंबर ना लाल लाइट, उसाची वाढं रोडच्या बाहेर लोंबलेली. मागून नंबर दिसणारच नाही, ट्रॅक्टरचा नंबर पुढं असतो. गावाच्या चढाला किंवा वजनकाट्यावर तो थांबतोच, तिथं पुढून फोटो घ्यायचा, भांडायचं नाही. तक्रार ठाण्यात आणि आरटीओत करायचीच पण एक कागद साखर कारखान्याच्या शेतकी विभागाला पण द्या, त्या वाहनाचा करार त्यांच्याकडं असतो. माझं मत विचाराल तर शेतकी ऑफिसातला फोन वाहतूकदाराला चलनापेक्षा लवकर पोचतो. शाळेची बस असेल तर मुख्याध्यापकांकडं अर्ज करा, शाळेला परिवहन समिती नेमावी लागते, 2011 च्या स्कूल बस नियमांत तसं आहे.

पुरावा. ड्रायव्हरचा चेहरा दिसला नाही म्हणून लोक सोडून देतेत, त्याची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 नुसार पोलिसांनी विचारलं की गाडी कोण चालवत होतं हे मालकाला सांगावंच लागतं. आपण नंबर द्यायचा, माणूस शोधायचं काम त्यांचं. नंबर लक्षात ठेवायची माझी आता एकच पद्धत आहे, गाडी पुढं गेली की मोठ्यानं ओरडून म्हणायचा, दोनदा, आणि थांबून लगेच मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड करायचा, "एमएच 24 अमुक अमुक, पांढरा पिकअप, मागं ताडपत्री, औसा रोड, सहा बत्तीस". लोक बघतेत येड्यासारखं, बघू द्या. ठिकाणासाठी मोबाइलचं लोकेशन स्वतःलाच पाठवून ठेवायचं, वेळेसकट राहतं.

कॅमेरा असेल तर उत्तम, हजार-दोन हजारवाला पण चालतो, फक्त त्यातली तारीख आणि वेळ आधी बरोबर करून घ्या. एका राइडरचा व्हिडिओ एकदम क्लिअर होता पण त्याच्यात तारीख होती 1 जानेवारी 2017. व्हिडिओ कापायचा नाही, गाणं-बिणं लावायचं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली कॉपी पुरावा म्हणून द्यायची नाही कारण ती दबून येते. मूळ फाइल मेमरी कार्डात तशीच ठेवायची आणि पेन ड्राइव्हवर कॉपी द्यायची. कोर्टात अशी कॉपी चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात याला 65 ब म्हणायचे. त्याचा ठराविक नमुना आहे, एक भाग आपण आणि दुसरा तज्ज्ञानं भरायचा असतो, वकिलाची मदत घ्या. आणि नंबर प्लेटसकट व्हिडिओ शिव्या घालून इन्स्टावर टाकू नका बाबांनो, उद्या तोच माणूस बदनामीची केस घेऊन तुमच्याच दारात येईल.

बरोबर कुणी असेल तर साक्षीदार म्हणून त्याचं नाव लिहा. नसेल तर आजूबाजूला बघा, पंप असतो, धाबा असतो, चहाची टपरी असते, त्यांच्या सीसीटीव्हीत गाडी गेलेली दिसते. पण जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं, त्यामुळं त्याच दिवशी जाऊन "एवढं फुटेज ठेवा" म्हणून सांगायचं आणि ठाण्यात दिलेल्या अर्जात त्या टपरीचा उल्लेख करायचा.

अर्ज कसा असावा, तर एक पान. लोक चार पानं लिहितेत, त्यात रस्त्यावरचे खड्डे, आजकालची पिढी, सरकार, सगळं येतं. जमादार काका म्हणले, "पहिल्या पाच ओळीत गुन्हा दिसला पाहिजे, नाहीतर कोण वाचतंय." मग त्यांनीच मला तोंडी सांगितलं ते असं: "मी अमुक, राहणार अमुक, आज तारीख अमुक रोजी सकाळी 6.32 वाजता लातूर-औसा रस्त्यावर किलोमीटर दगड अमुकजवळ सायकलवरून रस्त्याच्या डाव्या बाजूनं जात असताना पाठीमागून आलेल्या पांढऱ्या पिकअप क्रमांक अमुकच्या चालकानं आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीनं व निष्काळजीपणे चालवून माझ्या अगदी जवळून नेलं, त्यामुळं मी रस्त्याखाली पडून माझ्या उजव्या गुडघ्यास दुखापत झाली. चालक न थांबता निघून गेला. तरी सदर चालकाविरुद्ध कायदेशीर कारवाई व्हावी." ते "हयगयीनं व निष्काळजीपणे" वाचताना हसू येतं, पण कलमातली भाषाच तशी आहे आणि ते शब्द असले की लिहून घेणाऱ्याला कलम लगेच दिसतं. कलम आपण नाही लिहिलं तरी चालतंय, लिहिलं तर बिघडत पण नाही.

ठाण्यात गेल्यावर दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतेत. एक, "हे आमच्या हद्दीत येत नाही". आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 173 नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, त्याला झिरो एफआयआर म्हणतेत, मग ती योग्य ठाण्याकडं वर्ग होते. ऑनलाइन किंवा ईमेलनं पण माहिती देता येते, फक्त 3 दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. दोन, "एनसी करून घेऊ". एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यावर कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, वहीत पडून राहते. ड्रायव्हरनं फक्त शिवी दिली असेल तर एनसी ठीक आहे, पण 281 दखलपात्र आहे, हे शांतपणे सांगायचं. ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच सांगितलंय की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो. आवाज चढवायचा नाही, "साहेब, अर्जावर पोच द्या" एवढं म्हणायचं. शिक्का, तारीख, सही, आवक नंबर. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. एफआयआर झाला तर त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मागून घ्या.

नाहीच घेतलं तर तोच अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवायचा, ही सोय 173 मध्येच दिलीय. संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय आहे तर तिथं आयुक्तांकडं. तरी हललं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडं. मधल्या टप्प्यावर माहिती अधिकार चांगला चालतो, 10 रुपये फी, "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली" एवढा एकच प्रश्न, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. बऱ्याचदा उत्तराच्या आधी फोनच येतो, "या सर, जबाब द्यायला." 281 सारख्या गुन्ह्यात कोर्टाला दखल घ्यायला एकच वर्ष मुदत असते, त्यामुळं बघू पुढच्या महिन्यात करत बसू नका.

खरंच धडक झाली, लागलं, तर क्रम बदलतो. आधी 108 ला फोन आणि दवाखाना. तिथं "पडलो" म्हणायचं नाही, "गाडीनं धडक दिली" म्हणायचं, म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं, आणि पुढच्या सगळ्या कागदांचा पाया तोच. लोक लाजून किंवा झंझट नको म्हणून सायकलवरून पडलो सांगतेत आणि तिथंच केस संपते. धडक देणाऱ्या ड्रायव्हरवर कलम 134 नुसार जखमीला मदत करायची आणि पोलिसांना 24 तासांच्या आत कळवायची जबाबदारी आहे. मे 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यात 7 दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनची भरपाई असते, मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50 हजार. गाडी सापडली तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा, आणि तो अपघातापासून 6 महिन्यांत टाकायचा असं 2019 च्या दुरुस्तीत आलंय. मदत करणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही, कलम 134 अ त्याच्या बाजूनं आहे, त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

हे सगळं मी हेल्मेटवाल्या राइडरसाठीच लिहितोय असं वाटेल. तसं नाही. रोज सकाळी कॅन लटकवून येणारे दूधवाले आणि सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर शाळेला जाणाऱ्या पोरी, रोडवर सायकलवाले म्हणजे जास्त करून हेच. त्यांच्याकडं कॅमेरा नाही, ठाण्यात जायचं म्हणलं की घरचेच नको म्हणतेत. आमच्या सायकल ग्रुपनं मग असं केलं, एका शाळेच्या पोरींना दप्तराच्या वहीच्या शेवटच्या पानावर नंबर लिहायला सांगितला, तारीख आणि वेळेसकट. दोन महिन्यांत तीन पोरींच्या वहीत एकाच काळीपिवळीचा नंबर निघाला. मुख्याध्यापकांच्या सहीनं अर्ज गेला, एक वाहतूक शाखेला, एक आरटीओला. एका पोरीचा अर्ज "बघू" वर राहिला असता, तीन वह्या आणि शाळेचा शिक्का म्हणल्यावर गाडीमालकाला बोलावणं गेलं.

मालक आलाच, येताना गावातल्या दोन मोठ्या माणसांना घेऊन. "लेकरंबाळं हायेत सर, मिटवून टाका." हा टप्पा प्रत्येक तक्रारीत येतो, त्याची तयारी मनात आधीच करून ठेवा. मिटवायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काही सल्ला देणार नाही, पण मिटवायचं असेल तर चहाच्या टपरीवर नको, ठाण्यात, लेखी, तारखेसकट, म्हणजे परत तोच नंबर वहीत आला तर आधीचा कागद दाखवता येतो. आम्ही तसंच केलं. ती काळीपिवळी अजून त्याच रोडला चालते, शाळेजवळ आली की हॉर्न न वाजवता हळू होते, आणि पोरी अजून नंबर बघतातच.